वर्दीतला फोटो वाचताना
(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

 

मागच्या वेळी आपण सातबाऱ्यावर बाईचं नाव कसं लावायचं ते बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तोही कागदाचा आणि नावाचाच आहे. आपल्या भागात घराघरांत एक जुना फोटो असतो. कुठं देव्हाऱ्याच्या वर टांगलेला, कुठं ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवलेला. फोटोत एक तरणा गडी ताठ उभा असतो. अंगात खाकी, डोक्याला फेटा नाहीतर टोपी, एक हात खुर्चीच्या पाठीवर. विचारलं, की घरातले सांगतात, "आमचं पणजोबा हायती, मिल्ट्रीत होतं." कुठल्या पलटणीत? कुठल्या लढाईत? परत आले का? तिथं बोलणं थांबतं.

आपल्याकडं असं घर विरळाच. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव तुम्हाला ठाऊक असेल. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. लोक त्या गावाला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. कोकणात आणि घाटावर काही गावांत चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत दगडी पाटी असते, या गावातून १९१४ ते १९१९ च्या लढाईला इतके लोक गेले आणि त्यातले इतके मेले, असं सांगणारी. पाटीवर आकडा असतो, नाव नसतं. नाव घरात असतं, पण घरातल्यांना आकडा ठाऊक नसतो. या दोन्हींना जोडणारा दुवा पुष्कळदा तो फोटोच असतो. वर्दी बोलते. ती कशी वाचायची, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आमच्या गटात आम्ही हे काम गेल्या वर्षी हाती घेतलं. बैठकीचा हिशेब झाला, की शेवटचा अर्धा तास फोटोचा. त्यातून जे शिकलो, ते पायरीपायरीनं सांगतो.

पहिली पायरी फोटोला जपायची. काच फोटोला चिकटली असेल तर ओढून काढू नका, फोटोचा पापुद्रा काचेबरोबर निघून येतो. पाण्याचं फडकं लावू नका. दारात सावलीत फ्रेम उभी करा, काचेवर उजेड चमकणार नाही अशा बेतानं मोबाईलवर फोटो घ्या. मग त्या मोबाईलमध्ये बोटांनी मोठं करून बघा. टोपी, खांदे, बाह्या, छाती, पट्टा, पाय, या क्रमानं बघा. आणि फ्रेम सहज उघडत असेल तर पाठीमागची बाजू जरूर बघा. स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, एखादी तारीख, एखादा नंबर. काही वेळा निम्मं उत्तर पाठीमागंच असतं.

दुसरी पायरी, ही वर्दी लष्कराचीच आहे का? खाकी म्हणजे मिलिटरी असं नाही. पोलीस खाकी घालत, जंगलखात्याचे रखवालदार घालत, रेल्वेतली माणसं घालत. कोल्हापूर, बडोदा, ग्वाल्हेर अशा संस्थानांच्या स्वतःच्या फौजा होत्या, त्यांची वर्दीही इंग्रजी फौजेसारखीच दिसे. कोकणातली पोरं आरमारात पुष्कळ. आरमारी खलाशाचा पोशाख मात्र लगेच ओळखू येतो, पाठीवर चौकोनी पडणारी कॉलर आणि गोल टोपीवर फीत.

तिसरी पायरी काळाची. बिल्ल्यावर राजाचा मुकुट असेल तर वर्दी इंग्रजांच्या वेळची. २६ जानेवारी १९५० ला आपण प्रजासत्ताक झालो आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे मुकुट की सिंह, एवढं जरी दिसलं तरी १९५० च्या अलीकडं का पलीकडं, ते कळतं.

इंग्रजांच्या काळातही पहिलं महायुद्ध आणि दुसरं महायुद्ध वेगळं काढता येतं. पहिलं १९१४ ते १९१८. त्या वेळच्या आपल्या पायदळाच्या शिपायाच्या अंगात बिनकॉलरचा, लांब, गुडघ्याकडं उतरणारा खाकी कुडता दिसतो. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापडी पट्ट्या गुंडाळलेल्या. डोक्याला बहुधा पागोटं. दुसरं १९३९ ते १९४५. तेव्हा कॉलरचा सदरा, बाह्या दुमडलेल्या, हाफ पँट, कमरेला जाड विणीचा कापडी पट्टा. नियमाला अपवाद असतात, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नका. दोन-तीन खुणा एकाच बाजूला बोट दाखवू लागल्या, की मग बोला.

चौथी पायरी हुद्द्याची. बाहीवर उलट्या टोकाच्या फिती असतात, टोक खाली. एक फीत म्हणजे लान्सनाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. बाही कोरी असेल तर शिपाई. फिती बाहीवर नसून खांद्यावर तारा असेल तर माणूस त्याहून वरचा, जमादार नाहीतर सुभेदार. घरात जुनी माणसं "आमचं आजोबा जमादार होतं" असं सांगतात, तेव्हा आजच्या पोरांना वाटतं झाडलोट करणारे असतील. तसं नाही. फौजेतला जमादार हा मानाचा हुद्दा. १९६५ साली त्याचंच नाव नायब सुभेदार झालं.

पाचवी पायरी पलटणीची. इथं दोन जागा बघायच्या. एक खांद्याची पट्टी, तिच्या टोकाला पितळी अक्षरं नाहीतर आकडा असतो. दुसरी टोपीवरचा बिल्ला. मराठा पलटणींचं चिन्ह बिगूल, म्हणजे वळणदार शिंग. मराठा लाइट इन्फन्ट्रीतल्या लाइट इन्फन्ट्री या शब्दांचीच ती खूण. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा जयस्तंभ होता. तोफखान्याच्या बिल्ल्यावर तोफ असते. खडकीचे बॉम्बे सॅपर्स म्हणजे पूल बांधणारे, सुरुंग काढणारे. आपल्याकडची माणसं या सगळ्यांत होती. म्हणून आडनावावरून पलटण ठरवू नका, बिल्ल्यावरून ठरवा.

दुसऱ्या महायुद्धात दंडावर आणखी एक कापडी खूण शिवलेली असे, ती डिव्हिजनची. तांबडा गरुड असेल तर चौथी डिव्हिजन, ती आफ्रिकेत आणि इटलीत लढली. काळं मांजर असेल तर सतरावी, ती ब्रह्मदेशात. ही खूण दिसली तर माणूस कुठल्या मुलखात गेला ते कळतं. अर्थात फोटो जाण्याआधी काढला असेल तर दंड कोराच असणार.

सहावी पायरी पदकांची. छातीवर डाव्या बाजूला पदकं नाहीतर नुसत्या रंगीत फिती असतात. इथं एक सावधगिरी. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत रंग फसवतात. त्या वेळच्या पुष्कळ फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून लाल काळा उमटे आणि निळा फिका. तेव्हा फितीच्या रंगावर पैजा लावू नका. पदक घरात असेल तर मात्र सोनं सापडलं म्हणा. सहा टोकांची चांदणी असेल तर ती दुसऱ्या महायुद्धाची, आणि ब्रह्मदेश, आफ्रिका, इटली असं त्या मुलखाचं नाव तिच्यावरच असतं. चार टोकांची चांदणी पहिल्या युद्धाची. गोल पदकाची कड भिंगातून बघा, चांदणी उलटी करून बघा. आपल्या फौजेच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. म्हणून पदक चिंचेनं घासू नका, राखेनं तर नकोच. झिजलं की नाव गेलं. आणि मोडीत तर घालूच नका.

फोटोत पदकं उजव्या बाजूला दिसली तर थांबा. कदाचित छापताना फोटो उलटा झालाय. खात्री करायला सदऱ्याची बटणं बघा. पुरुषांच्या कपड्यात डावी बाजू उजवीवर येते. अक्षरं उलटी दिसतात का तेही बघा.

आता हे सगळं कशासाठी? जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार, असं आमच्या गटातही विचारलं गेलं. त्याचं उत्तर म्हणून एका घरची हकीगत सांगतो. त्या घरच्यांनी सांगायला परवानगी दिलीय, नावं मात्र आम्ही घेणार नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्या पाळण्यात असताना त्यांचे वडील फौजेत परत गेले, ते आलेच नाहीत. घरी काही कागद आला असेल, तर तो त्यांच्या आईपर्यंत कधी पोचला नाही. ती बाई अक्षरशत्रू. भावकीनं सांगितलं, की तो पळून गेला, तिकडंच दुसरी केली. गावानं तेच धरलं. बाईला जमिनीत काही मिळालं नाही, पेन्शन मिळाली नाही. दुसऱ्याच्या बांधावर भांगलण करून तिनं एकुलती लेक वाढवली. कपाळाचं कुंकू तिनं शेवटपर्यंत पुसलं नाही, आणि त्यावरूनही लोक तिला बोलत. म्हातारपणी लेकीकडं राहायला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत एकच वस्तू होती, रुमालात बांधलेला नवऱ्याचा फोटो.

तो फोटो ताई बैठकीत घेऊन आल्या. आम्ही सगळ्या त्याच्याभोवती बसलो. पाठीमागं स्टुडिओचा शिक्का होता, त्यात बेळगाव एवढं वाचता आलं. बेळगाव म्हणजे १९२२ पासून मराठा पलटणीचं केंद्र, पण महार रेजिमेंटही तिथंच उभी राहिलेली. तेव्हा नुसत्या गावावरून निकाल लागेना. खांद्यावरची अक्षरं पुसट झालेली, पहिलं अक्षर तेवढं दिसत होतं, इंग्रजी एम. आता मराठालाही एम आणि महारलाही एम. मग टोपीचा बिल्ला मोठा करून बघितला. वर मुकुट, खाली वळणदार शिंग. स्तंभ नव्हता. एम आणि बिगूल दोन्ही एकत्र आले, तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्री. सदरा कॉलरचा, हाफ पँट, म्हणजे दुसरं महायुद्ध. बाहीवर एक फीत, लान्सनाईक.

पळून गेलेल्या माणसाचा फोटो असा दिसतो का, असं त्या वेळी कुणीतरी म्हणालं. पण फोटोवरून पुढचं काही सिद्ध होत नाही. वर्दी घातलेला माणूस नंतर काय करतो, ते वर्दी सांगत नाही. फोटोनं आम्हाला एवढंच दिलं, की कुठं शोधायचं.

लढाईत मेलेल्यांची नोंद ठेवणारी एक संस्था आहे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. १९१७ सालापासून हे काम चालतं. तिची यादी मोबाईलवर फुकट बघता येते. नाव, पलटण आणि साल टाकायचं. आपल्या नावांची इंग्रजांनी पुरती मोडतोड केलेली असते, म्हणून एकच नाव चार तऱ्हेनं लिहून बघावं लागतं. पवारचं पोवार, जाधवचं जाधो. गटातल्या एका कॉलेजच्या पोरीनं तीन संध्याकाळी हेच केलं. तिसऱ्या दिवशी नाव सापडलं.

नाईक. मराठा लाइट इन्फन्ट्री. १९४३ चा नोव्हेंबर. इटली. फोटोत एक फीत होती आणि नोंदीत नाईक, म्हणजे फोटोनंतर त्याला बढती मिळाली होती. पुढं वडिलांचं नाव, गाव, सातारा. सगळं जुळलं. आणि त्याच ओळीत, अमुकचा नवरा, असं लिहून त्या बाईचं नाव.

मैत्रिणींनो, जिला गावानं टाकलेली म्हटलं, तिचं नाव सगळा वेळ तिथं लिहिलेलं होतं. भरती झाल्यावर घरच्या माणसांची नावं विचारतात, तेव्हा त्यानं ते सांगितलं असणार.

ताईंनी सासूबाईंना हे वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. आईचं नाव आलं तिथं थांबवून तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं, "त्याला आग दिली का गं?"

ते आम्हाला सांगता आलं. इटलीत सांग्रो नावाची नदी आहे. १९४३ च्या नोव्हेंबरात तिथं मोठी लढाई झाली, त्यात आपल्या मराठा पलटणीचे जवान होते. ज्या हिंदी जवानांना त्यांच्या धर्माप्रमाणं अग्नी दिला, त्यांच्यासाठी तिथल्या युद्धस्मशानात वेगळं स्मारक बांधलंय. पाचशेहून जास्त नावं आहेत त्यावर. या आजींच्या वडिलांचं नाव त्यातलंच. त्या वर्षी सर्वपित्रीला त्या घरी दोन पानं वाढली, एक वडिलांचं, एक आईचं.

पैसे किती मिळाले, असं विचाराल तर काही नाही. आणि इथंच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जुन्या फोटोवरून पेन्शन काढून देतो, इंग्लंडहून भरपाई आणतो, असं सांगून कुणी आगाऊ पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. आधारकार्ड, बँकेचं पुस्तक हातात देऊ नका. खरंच काही हक्क शिल्लक आहे का, हे विचारायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथं विचारायला पैसे लागत नाहीत. एकटीला जायला संकोच वाटला तर गटातल्या दोघी-तिघींनी मिळून जा.

ज्यांचे आजोबा लढाईहून जिवंत परत आले, त्यांची नावं या यादीत नसणार. त्यांच्यासाठी पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहायचं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्याजवळ खडकीला. पत्रात नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि असेल तर नंबर लिहा. नंबर शोधायच्या जागा तीन, पदकाची कड, डिस्चार्ज बुक आणि जुनं पेन्शन बुक. फोटोची प्रत जोडा. मूळ फोटो कधीही पाठवू नका.

पहिल्या युद्धातलं कुणी असेल तर आणखी एक सांगून ठेवतो. आपल्याकडची पुष्कळ माणसं तेव्हा इराकात गेली, जुनी माणसं त्याला बसरा म्हणत. तिथं कुत नावाच्या गावाला तुर्की फौजेनं डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा घातला होता. आत पुण्याची सहावी डिव्हिजन आणि तिच्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. अन्न संपलं तेव्हा सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. त्यातले पुष्कळ परत आले नाहीत. तेव्हा तुमच्या घरात कुणी "बसऱ्याला गेलं आन् तिकडंच ऱ्हायलं" असं सांगत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. फोटो बघा, यादी बघा.

आता शेवटचं, आणि हे प्रत्येकीनं करण्यासारखं. फोटोत गडी एकटा उभा असतो. त्याच्या मागं जी होती, जिनं रान कसलं, सासू-सासऱ्यांचं केलं, मनीऑर्डरची वाट बघितली, तिचा फोटो बहुधा कुठंच नसतो. त्या आजींनी काय केलं सांगतो. त्यांनी सुनेकडून फोटोच्या मागच्या पुठ्ठ्यावर दोन्ही नावं लिहून घेतली. आधी आईचं, मग वडिलांचं. त्याखाली साल, पलटण आणि नदीचं नाव.

तुम्हीही या आठवड्यात तुमच्या घरातला फोटो उतरवा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी बसा. पुरुषांना हुद्दा आठवतो, बायांना नातं, सण आणि साल आठवतं. "तुमचं लगीन झालं तेव्हा ते होते का? पटकी आली तेव्हा? दुष्काळाच्या आधी का नंतर?" असं विचारा, साल हाताशी येतं. तिचं बोलणं मोबाईलवर भरून घ्या. मग पाठीमागच्या पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा. बॉलपेननं नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. नवऱ्याचं नाव लिहाल तिथं बायकोचंही लिहा.

आणि पुढच्या बैठकीला तो फोटो घेऊन या. बचतीचं पुस्तक, कर्जाचा हप्ता आणि फोटो. भिंग आमच्याकडं आहे.

आमचं बोलणं इथं थांबवतो. तुमच्या फोटोत काही ओळखता आलं नाही तर रेडिओच्या पत्त्यावर कळवा, आपण सगळ्या मिळून बघू.